डावीकडचा खालचा स्क्रू

कुडवा, गोंदिया
२० जून २०१६

डॉक्टरीणबाईस चैनलाल पटलेचे आशीर्वाद.

माझं पत्र पाहून तुले नवल वाटलं असन. धनेंद्रची बायको होऊन तू या घरात आली त्याले सात वर्षं झाली, अन् आपलं आजवर एका शब्दाचं बोलणं नाही. रीतच तशी आहे. भासऱ्यानं धाकट्या भावाच्या बायकोशी बोलू नये, तिच्या अंगाले हात लागू देऊ नये. म्हणून मी अंगणात यायच्या आधी खाकरतो, अन् तू डोक्यावर पदर घेऊन आत जाते. यात ना तुझं काही बिघडलं, ना माझं. पण आता बोलायची वेळ आली अन् मधात तुझी जाऊ. तू फोनवर कुंताले एक सांगते, ती मले दुसरंच सांगते. काल म्हणे, हर्षिता म्हणून राहिली की तुमच्या पाठीत चार खिळे ठोकायचे आहेत. मी काय ढोरांच्या कोठ्याचं दार आहो? म्हणून कागद घेतला. चिठ्ठीत ना तोंड दिसते ना आवाज येते, रीत जागच्या जागी राहते.

तर माझं असं आहे. डाव्या पायातली चप्पल कधी गळून पडते ते मले समजत नाही. परवा शेताच्या धुऱ्यावरून जाऊन राहिलो होतो, तं मागून आमचा गडी मंगरू म्हणते, "पटलेजी, एक चप्पल इथं राहिली." परतून पाह्यलं अन् पाऊल अडकून सरळ धानाच्या बांधीत पडलो, चिखलात. कामावरच्या बाया हसल्या. हसू दे, पण मंगरू हसला नाही, त्याचंच मले जास्त लागलं. नागपूरच्या डॉक्टरनं फोटो पाहून सांगितलं, मणका सरकला, नस दबून राहिली, थांबाल तं पाऊल उचलणं बंद होईल. या चैनलाल पटलेले लोकांनी लंगडताना पाहायचं? ते मी होऊ देणार नाही.

आता माझे दोन सवाल. पह्यला: तो स्क्रू जिथं जायचा तिथं नाही गेला तं काय होते? गोड बोलू नको, खरं सांग. पुण्यात राहून तुमची बोली गोड झाली आहे असं ऐकतो. दुसरा: कुंता म्हणते, ऑपरेशनच्या त्या खोलीत तू पण राहते. मंग ते कसं जमायचं? भासऱ्याची उघडी पाठ अन् भावसून समोर. तुमच्या शहरात चालत असन, आमच्या घरात चालत नाही. नागपूरलेच करून टाकू काय?

चैनलाल


पुणे
२९ जून २०१६

आदरणीय मोठे भाऊजी, सादर नमस्कार.

तुमचं पत्र आल्यावर यांनी पाकिटावरचं अक्षर ओळखलं आणि घाबरले, घरी काही झालं की काय म्हणून. मी आधी घाबरले आणि मग खूप हसले. जाऊबाईंना सांगा, खिळे नाहीत आणि ठोकायचेही नाहीत. स्क्रू आहेत, फिरवून बसवतात.

पहिला सवाल. तुमचा चौथा मणका पाचव्यावरून पुढे घसरला आहे. तो जागी धरून ठेवायचा तर दोन्ही मणक्यांत डावीकडून आणि उजवीकडून एक एक, असे चार स्क्रू लागतील. प्रत्येक मणक्याच्या मागे दोन बाजूंना हाडाची अरुंद मान असते, आपल्या करंगळीपेक्षा थोडी जाड. स्क्रू त्या मानेतून आत गेला पाहिजे. आतल्या अंगाला लगेच नस आहे. तीच नस तुमचं पाऊल उचलते. स्क्रू आत सरकला तर जे वाचवायला आलो तेच जाईल. तुम्ही गोड बोलू नको म्हणालात, म्हणून हे असं लिहिलं.

चांगला सर्जन नुसत्या हातानं बसवतो तेव्हा दहातले नऊ तरी अगदी हाडाच्या आत राहतात. उरलेला बहुतेक वेळा किंचित बाहेर असतो आणि माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. पण कधीतरी लागतो. आमच्याकडे आता नवीन मशीन आहे. आधी पाठीचा स्कॅन होतो, स्क्रू कुठून कसा जायचा ते पडद्यावर आखतात, मग रोबोटचा हात त्याच तिरक्या रेषेत एक नळी धरून थांबतो. थरथर नाही, थकवा नाही. सर्जन त्या नळीतून स्क्रू घालतात. यानं चूक आणखी कमी होते. शून्य होते असं जो म्हणेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

मशीनला पाठ कशी दिसते तेही सांगते. हाडाला एक चौकट चिमट्यानं घट्ट बसवतात, तिच्यावर चमकत्या गोळ्या असतात, कॅमेरा त्या गोळ्या पाहतो. शेताच्या मोजणीत हद्दीचा, चांद्याचा दगड धरून सगळं मोजतात ना, तसा तो आमचा चांदा. तो हलला तर मशीनला कळत नाही. ती तेवढ्याच खात्रीनं चुकीची जागा दाखवत राहते. म्हणून आम्ही मधून मधून ओळखीच्या हाडाला सळई टेकवून पाहतो, पडद्यावर टोक त्याच हाडावर दिसतं का ते.

दुसरा सवाल. हे मशीन आमच्याकडेच आहे. माझे सर मुख्य सर्जन, मी त्यांच्या हाताखाली. तुमची पाठ हिरव्या कापडानं झाकलेली असेल, चेहरा खाली. तुमच्या घरची रीत मला माहीत आहे, सात वर्षं पाळते आहे. पण पाऊल थांबणार नाही, भाऊजी. नस रीत पाहत नाही. धानाचा रोवणा झाला की या.

हर्षिता


कुडवा
१० जुलै २०१६

डॉक्टरीणबाई, आशीर्वाद.

चिठ्ठी पोहोचली. तू खरं लिहिलं, मले आवडलं. अन् मशीन तं फारच आवडली. शालीकरामच्या पानठेल्यावर सगळ्याईले वाचून दाखवलं. म्हटलं, आमच्या घरची पोरगी पुण्यात रोबोट चालवते, तुमच्या घरच्या टीव्हीचा रिमोट चालवतात. शालीकराम म्हणते, बिजली गेली तं? म्हटलं, ते कुडवा नाही, पुणे होय.

ते चांद्याच्या दगडाचं तू बरोबर लिहिलं. आमच्या मनिरामच्या ट्रॅक्टरनं मागं चांद्याचा दगड उकरून टाकला होता, अन् त्यानं भल्या मनानं अंदाजानं परत गाडला. पुढच्या मोजणीत साऱ्या टोल्या-वस्तीचे धुरे एकमेकाच्या शेतात गेले. अजून तीन घरं बोलत नाहीत. मोजणीवाल्याची चूक नव्हती, त्याची साखळी बरोबर होती.

मी विचार केला अन् मले एक गोष्ट सुचली. मशीनीले ना सासर आहे ना माहेर. ती कोणाची भावसून नाही. तिनं माझ्या पाठीले हात लावला तं कोणाची रीत मोडत नाही. मंग माझी हरकत कायले राहील? पण तुझा हात लागायला नको. सर करतील, मशीन करेल, तू पडद्याजवळ बस अन् पाहा. घरची पोरगी हुशार आहे याचा मले अभिमान आहे, पण चार लोकांत मान खाली घालायची पाळी नको. माझ्या आईनं आपल्या भासऱ्याले मरेपर्यंत तोंड दाखवलं नाही. एवढं वचन दे. रोवणा आटपला की महाराष्ट्र एक्सप्रेसनं येतो. कुंता सोबत राहील, ती आतापासूनच भाकरीचं पीठ बांधून राहिली.

चैनलाल


पुणे
१९ जुलै २०१६

आदरणीय मोठे भाऊजी, नमस्कार.

वचन देते. मशीन नीट चालली तर माझा हात तुम्हाला लागणार नाही. मी पडद्याजवळ बसेन.

यायच्या आधी रक्ताच्या तपासण्या गोंदियातच करून आणा. तंबाखू आजपासून बंद. हाड जुळायला ती आडवी येते. शालीकरामना माझा निरोप सांगा, तुमच्या नावाचा तंबाखूचा खर्रा त्यांनी घोटायचा नाही.

जाऊबाईंना म्हणावं, पीठ पुण्यातही मिळतं. पण आणा.

हर्षिता


कुडवा
११ सप्टेंबर २०१६

डॉक्टरीणबाई, अनेक आशीर्वाद.

ऑपरेशन करून घरी सुखरूप पोहोचलो, हे धनेंद्रनं सांगितलंच असन. आता माझं ऐक. काल मी कुडव्याच्या चौकापर्यंत पायी गेलो. एकटा. डाव्या पायात चप्पल घालून. चप्पल गेली तशी परत आली. कुंता मागून येऊन राहिली होती लपत लपत, मी पाह्यलं अन् पुढं चालत राहिलो.

पानठेल्यावर बसलो तं दहा माणसं गोळा झाली. मी सदरा वर करून पाठ दाखवली. म्हटलं, पाहा, एवढीशी चीर. आत चार स्क्रू आहेत, अन् चारही मशीनीनं घातले. माणसाचा हात लागला नाही. शालीकराम म्हणते, पटलेजी, भावसून त्या खोलीत होती म्हणतात. म्हटलं, होती, पण पडद्याजवळ. वचन दिलं होतं तिनं अन् पाळलं. डॉक्टर झाली म्हणून काय झालं, घरची रीत विसरली नाही. अशी पोरगी शोधून दाखवा म्हटलं साऱ्या जिल्ह्यात. तिथंच बसलेल्या उदारामची पोरगी नर्सिंगले जायचं म्हणते, तो पाठवून नव्हता राहिला, काल म्हणे पाठवतो.

आता दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत मले दोन शब्द बोलायचे आहेत, मंडळानं सांगितलं. मशीनीवर बोलणार आहो. तिचं नीट नाव काय ते लिहून पाठव, स्टेजवरून चुकायला नको.

तू वचन पाळलं, याचं मले किती वाटते ते चिठ्ठीत लिहिता येत नाही.

चैनलाल


पुणे
२२ सप्टेंबर २०१६

आदरणीय मोठे भाऊजी, नमस्कार.

मशीनचं नाव सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलं आहे. पण ते स्टेजवर वाचायच्या आधी हे पत्र पूर्ण वाचा.

तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा मी सांगितलं नाही. टाके ओले होते, जाऊबाई रोज रडत होत्या, आणि तसंही आपलं बोलणं नाही. मग तुम्ही गाडीत बसलात. मला वाटलं, राहू दे. पण आता तुम्ही चार माणसांत माझ्या नावानं जी गोष्ट सांगता आहात ती खरी नाही, आणि मला खोटी शाबासकी गोड लागत नाही.

तीन स्क्रू मशीननं दाखवलेल्या रेषेतच गेले. अगदी आखल्याप्रमाणे. चौथा राहिला होता, डावीकडचा खालचा, तुमच्या पावलाच्या नसेजवळचा. तेवढ्यात आमच्यातल्या एकाला वाकून रक्त पुसायचं होतं आणि त्याचं कोपर त्या चौकटीला टेकलं. चौकट पडली नाही. डोळ्यांना हललेलीही दिसली नाही. रोबोटचा हात जागेवर जाऊन थांबला, पडद्यावर रेष हिरवी होती. सर स्क्रू मागणार होते.

मी हातमोजे घालूनच बसले होते, पडद्याजवळून उठले आणि म्हटलं, सर, एकदा टेकवून पाहते. ओळखीच्या हाडाला सळई टेकवली तर पडद्यावर तिचं टोक हाडावर नव्हतं, बाजूला हवेत होतं. फार नाही, तांदळाच्या दाण्याच्या जाडीइतकं. तेवढं त्या जागी फार होतं. मी म्हटलं, थांबा, चांदा हलला आहे. हाच शब्द तोंडातून निघाला. शब्द कोणाला कळला नाही, पण काय झालं ते सरांना कळलं.

नवा स्कॅन करून मशीन परत लावायची तर वेळ जाणार होता. रक्त जात होतं, भूल देणाऱ्या मॅडम म्हणाल्या, बीपी उतरतंय, लवकर आटपा. सर उजव्या बाजूला होते आणि नस आवरून धरण्यात त्यांचे दोन्ही हात गुंतले होते. डाव्या बाजूला मीच उठून उभी राहिले होते. सर म्हणाले, "हातानं घाल. तुला येतं."

मला तुम्हाला दिलेलं वचन आठवलं. खरं सांगते, आठवलं. आणि मग ते मी बाजूला ठेवलं. बोटानं हाड चाचपलं, मान कुठे सुरू होते ते शोधलं. बारीक सळई आत घातली, चारही बाजूंना हाड लागतं का पाहिलं, तळाला लागतं का पाहिलं. आतल्या भिंतीला पुन्हा पाहिलं. मग स्क्रू घातला. माझी बोटं तुमच्या हाडावर होती, भाऊजी. टेबलावरच परत स्कॅन केला. चारही हाडाच्या आत, आणि माझा अगदी मधोमध. सरांनी पडदा माझ्याकडे वळवला.

तुम्ही शुद्धीवर आलात तेव्हा सर म्हणाले, डावा अंगठा वर करा. तुम्ही केलात. मी खाटेभोवतीच्या पडद्यामागे उभी होते, ऑपरेशनच्या टोपीवरून ओढणी घेऊन. नर्स हसत होत्या. आणि तुम्ही अर्धवट भुलीत, कोणीतरी बाई येते आहे असं वाटून, खाकरलात. तेव्हा मला रडू आलं.

वचन मोडलं, त्याबद्दल तुम्ही जे म्हणाल ते ऐकेन. पण हात लावला याची मला लाज वाटत नाही. अभिमान वाटतो. पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा लावेन.

हर्षिता


कुडवा
४ ऑक्टोबर २०१६

हर्षिता, आशीर्वाद.

शेजारच्या अंजूच्या पोरीकडून लिहून घेऊन राहिली, मले एवढं मोठं लिहिता येत नाही. फोनवर बोलावं तं हे ओसरीतच बसून राहतात, कान इकडंच.

तू काय लिहून धाडलं बाई? यांनी चिठ्ठी वाचली, घडी केली, खिशात ठेवली. मले दाखवली नाही. त्या दिवसापासून कोणाशी बोलत नाहीत. पानठेल्यावर जात नाहीत. सकाळी धुऱ्यावर जाऊन येतात, पायी, संध्याकाळी परत जातात. एक्सरेचा फोटो काढतात, खिडकीत उजेडाले धरून पाहतात, परत ठेवतात. मी म्हटलं, दुखून राहिलं काय? म्हणे, नाही. मंग काऊन असे बसले? म्हणे, विचार करून राहिलो.

जेवतात बरोबर. तेवढ्यावरून समजते की फार वाईट नसन. दिवाळीले तुम्ही येता काय नाही ते मले सांग. मी त्याईले विचारायची हिंमत करून नाही राहिली.

तुझी जाऊ कुंता


कुडवा
१३ ऑक्टोबर २०१६

हर्षिता,

दसरा झाला. सोनं वाटून झालं. आता लिहायला बसलो.

मले राग आला होता, ते लपवत नाही. पह्यल्या दिवशी मले वाटलं, हात लावल्याचा आला. दुसऱ्या दिवशी पाह्यलं तं त्याचा नव्हता. तू सांगितलं नाही, अन् मी पंधरा-वीस दिवस पानठेल्यावर बसून बह्याडासारखी मशीनीची आरती ओवाळून राहिलो, त्याचा होता. माझ्या घरच्या पोरीनं एवढं केलं, अन् मी ते श्रेय लोखंडाले देऊन राहिलो. चैनलाल पटलेनं आयुष्यात कोणाचं श्रेय खाल्लं नाही, अन् खाल्लं तं घरातल्या पोरीचंच. हे मले कसं पचावं?

मंग मी आईचा विचार केला. ती भासऱ्यासमोर कधी आली नाही, हे मी तुले मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं. पण तोच तिचा भासरा, माझे मोठे बाबा, अर्धांगवायूनं पडले, तेव्हा त्याईले पाणी कोण पाजत होतं? आईच. तोंडावर पदर घेऊन, चेहरा दुसरीकडं करून. मी लहान होतो, मी पाह्यलं आहे. तिनं पदर सोडला नाही अन् पाणी पाजायचंही सोडलं नाही. घरात कोणी त्यावर एक शब्द बोललं नाही. बोलायले पायजे होतं. मोठ्या बाबांनी तरी.

परवा दसऱ्याले पानठेल्यावर गेलो. सोबत एक्सरे नेला. सगळे होते. शालीकराम म्हणे, या, मशीनवाले. म्हटलं, थांब, माझी गोष्ट चुकली होती, ती आधी दुरुस्त करू दे. तीन स्क्रू मशीनीचे, चौथा आमच्या हर्षिताच्या हातचा. मशीन चुकीची जागा दाखवून राहिली होती, अन् तिनं सगळ्या मोठ्या डॉक्टराईसमोर थांबा म्हटलं. एक्सरे उन्हात धरला अन् बोट ठेवून दाखवलं, हा डावीकडचा खालचा. सगळे वाकून वाकून पाहून राहिले. उदाराम म्हणे, चारही सारखेच दिसतात. म्हटलं, तेच तं.

शालीकरामनं विचारलंच. त्याले राहवत नाही. म्हणे, मंग तिनं भासऱ्याले हात लावला म्हणायचा? मी खुर्चीवरून उठलो अन् डाव्या पायावर उभा राहिलो, एकट्या डाव्या. म्हटलं, लावला. म्हणून हा उभा आहे. आणखी कोणाले काही विचारायचं आहे?

मंडईत मी बोलणार आहो. मशीनीचं नाव असलेली चिठ्ठी ठेवली आहे, तेही घेईन, तीन स्क्रू तिचे आहेत, तिचं श्रेय तिले. पण आधी तुझं नाव घेईन. भावसुनेचं नाव भासऱ्यानं स्टेजवरून घेतलं असं गावानं आजवर ऐकलं नसन. आता ऐकतील.

दिवाळीले तुम्ही दोघं या. कुंता घाबरून विचारत नाही, म्हणून मीच लिहितो. ही माझी शेवटची चिठ्ठी समज. चिठ्ठी रीत सांभाळायले होती, आता तिचं काम उरलं नाही. आल्यावर काय बोलायचं ते मले अजून सुचलं नाही. तुले सुचलं तं तूच सुरुवात कर. सात वर्षांचं साचलं आहे, एका चहात आटपणार नाही.

अन् एक. मी शेतावरून येईन तेव्हा तू अंगणात बसली असशील. मी खाकरणार नाही. तू उठायचं नाही.

तुझा मोठा भाऊ
चैनलाल